नोव्हेंबरात बसलेला थर

१ फेब्रुवारी २००३ हा दिवस आपल्याकडे कल्पना चावलाच्या नावानं लक्षात राहिला. त्याच दिवशी, कोलंबिया यान टेक्सासच्या आकाशात फुटल्यानंतर पावणेसहा तासांनी, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळकरी मुलांचं एक पथक हिमस्खलनात सापडलं. दहावीची चौदा मुलं आणि सोबत तीन मोठी माणसं होती. त्यातली सात मुलं गेली. यानाच्या बातमीखाली ही बातमी भारतात कोणाच्या नजरेला पडली असेल असं वाटत नाही.

ती आज सांगावीशी वाटते, कारण हे पथक बेफिकीर नव्हतं. साधनं होती, सराव झालेला होता, दिवसाचा इशारा वाचलेला होता. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईहून कितीतरी पोरं उत्तराखंड-हिमाचलच्या बर्फात ट्रेकला जातात आणि घरच्यांचा प्रश्न एकच असतो, ‘नीट कपडे घेतलेस ना?’ बर्फातला धोका कुठून येतो आणि किती आधीपासून येत असतो, हे या घटनेइतकं स्वच्छ फार थोड्या ठिकाणी दिसतं.

नोव्हेंबर २००२ : अडीच महिने आधी

हिवाळा नुकता सुरू झाला होता. ब्रिटिश कोलंबियातल्या सेलकर्क पर्वतरांगेत बर्फाचा थर अजून पातळ होता, आणि त्यावर पाऊस पडला. भिजलेला पृष्ठभाग गोठला आणि उतारांवर कडक, गुळगुळीत पापुद्रा तयार झाला.

एवढ्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या थंडीत. बर्फाखालच्या जमिनीलगतचं तापमान शून्याच्या आसपास राहतं आणि वरची हवा मात्र उणे पंधरा-वीसपर्यंत उतरते. थर जाड असेल तर हा फरक हळूहळू पसरतो. थर पातळ असेल तर दर दहा सेंटिमीटरला एका अंशाहून जास्त फरक पडतो आणि बर्फातली वाफ खालून वर चढायला लागते. पापुद्र्यापाशी ती अडते. तिथले कण झिजतात, नव्यानं वाढतात आणि कोनदार होतात. अशा कणांचा एकमेकांशी सांधा जुळत नाही. हा बर्फ मुठीत घेतला तर त्याचा लाडू वळत नाही. साखरेसारखा बोटांमधून सांडून जातो.

मग त्यावर डिसेंबरचा बर्फ पडला, नंतर जानेवारीचा. वादळागणिक वरचा थर दबून एकसंध होत गेला. खाली कडक पापुद्रा, त्यावर न जुळणाऱ्या कणांचा नाजूक थर आणि त्याच्याही वर जड, घट्ट पाट, अशी ही रचना. यातला वरचा पाट अखंड असल्यामुळं एका ठिकाणी खालचा आधार सुटला, तर तडा क्षणात शेकडो मीटर धावतो आणि अख्खा उतार एकदम निसटतो. ताज्या बर्फाचा धोका बहुतेक वेळा काही दिवसांत उतरतो. असा पुरलेला थर मात्र आठवडेच्या आठवडे, कधी अख्खा हंगाम, तसाच राहतो.

तो ओळखायची पद्धत आहे. उतारावर खड्डा खणतात, बर्फाचा फूटभर रुंदीचा खांब मोकळा करतात, त्याच्या माथ्यावर फावडं ठेवतात आणि त्यावर हात मारतात. दहा टिचक्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या टिचकीला कोणता थर सरकला, ते लिहून ठेवतात. पण टिचकी मीटरभर खालच्या थरापर्यंत नीट पोचत नाही. खांब जागचा हलत नाही आणि माणसाला वाटतं, उतार भक्कम आहे. जानेवारी संपेपर्यंत नोव्हेंबरचा हा थर बऱ्याच ठिकाणी त्याच खोलीवर गेला होता.

२० जानेवारी, सोमवार, सकाळी सुमारे पावणेअकरा : बारा दिवस आधी

रेव्हलस्टोक गावाच्या उत्तरेला, ड्युरंड हिमनदीच्या परिसरात, एकवीस जणांचा गट स्कीवरून एक उतार चढत होता. हे नवशिके नव्हते. गटात क्रेग केली होता, स्नोबोर्डिंगच्या जगातलं एक मोठं नाव, आणि तो स्वतः पर्वतातला गाईड होण्याचं शिक्षण घेत होता. पुढची तुकडी वर होती, मागची खाली. उतार सुटला आणि तेरा जण गाडले गेले. सात जण मेले, त्यात केलीही होता.

त्यांच्या पायाखाली होता तो नोव्हेंबरचाच थर.

बातमी देशभर गेली. पश्चिम कॅनडाच्या डोंगरांत स्की करणाऱ्या प्रत्येकाला कळलं की यंदाचा बर्फ भरवशाचा नाही. कळणं आणि त्याचा आपल्या उद्याच्या वाटेशी संबंध जोडणं यात मात्र अंतर असतं. ड्युरंडला माणसं उभ्या चढावर होती आणि त्यांच्याच वजनानं उतार सुटला असावा. साहजिकच त्यातून निघणारा सोपा धडा असा होता : उभ्या चढावर जाऊ नका, दरीच्या तळानं जा.

३१ जानेवारी, शुक्रवार : आदला दिवस

कॅलगरीजवळच्या स्ट्रॅथकोना-ट्वीड्सम्यूर या खासगी शाळेचं पथक रॉजर्स पासला आलं. डोंगरातलं शिक्षण हा या शाळेच्या अभ्यासक्रमाचाच भाग होता आणि हिवाळ्यातली स्कीची सहल वर्षानुवर्षं होत आली होती. मुलांना गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं बीकन हे यंत्र वापरायला, प्रोबची लांब सळई बर्फात खुपसून शोध घ्यायला, फावड्यानं पद्धतशीर खणायला शिकवलेलं होतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या मानानं ही तयारी चांगलीच होती.

जागेबद्दल थोडं सांगायला हवं. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातली ही खिंड समुद्रसपाटीपासून साधारण १,३३० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या उंचीची. उंचीवरून धोका मोजायची आपल्याला सवय असते. इथं ती उपयोगाची नाही. पॅसिफिकवरून येणारे ढग सेलकर्कच्या या रांगेला अडतात आणि हिवाळाभर मीटरच्या मीटर बर्फ टाकतात. दोन्ही अंगांना कडे इतके उभे आहेत की हिमस्खलनांची वाट ठरून गेलेली आहे. ४ मार्च १९१० च्या रात्री इथं कीऑप्स नावाच्या डोंगरावरून आलेला बर्फ रेल्वेच्या रुळांवर साचला. तो उपसायला मजूर लागले असताना समोरच्या डोंगरावरून दुसरा लोंढा आला आणि ५८ जण गेले. त्यातले ३२ जपानी मजूर होते. त्यानंतर रेल्वेनं खिंडीवरून जाणंच सोडलं. १९१६ मध्ये डोंगराच्या पोटातून आठ किलोमीटरचा कॉनॉट बोगदा सुरू झाला. १९६२ मध्ये महामार्ग आला, तेव्हा सैन्याच्या १०५ मिलिमीटरच्या तोफा लावल्या गेल्या. रस्ता बंद करून गोळे डागायचे, साचलेला बर्फ आपल्या सोयीच्या वेळी पाडायचा आणि मग वाहनं सोडायची. हे आजही चालतं.

रस्त्यासाठी तोफा आहेत. रस्त्यापासून थोडं आत, जंगलाच्या वाटेला लागलं, की तोफ नाही. तिथं बर्फ आपल्या वेळेनं उतरतो. खिंडीपासून पश्चिमेला बालू पासकडे जाणारी कॉनॉट ओढ्याची दरी ही अशीच वाट, आणि तिच्या दक्षिणेच्या अंगाला उभा आहे तोच कीऑप्स.

१ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ६ : पावणेसहा तास आधी

भारतात संध्याकाळचे साडेसात वाजले होते. कोलंबियाशी संपर्क तुटला होता आणि सात अंतराळवीर परतणार नव्हते. कल्पनाच्या कर्नालपासून महाराष्ट्रापर्यंत माणसं टीव्हीसमोर जमा होऊ लागली होती. रॉजर्स पासला अजून उजाडायचं होतं.

सकाळ, निघण्याआधी

उद्यानाचं रोजचं हिमस्खलन-पत्रक निघालं होतं आणि पथकानं ते पाहिलं होतं. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात : लो, मॉडरेट, कन्सिडरेबल, हाय, एक्स्ट्रीम. त्या दिवशी झाडीच्या वरच्या उघड्या उतारांसाठी कन्सिडरेबल होतं, खालच्या झाडीसाठी मॉडरेट.

मला या दोन शब्दांपाशी थांबायचं आहे, कारण सगळी गोष्ट इथं आहे.

कन्सिडरेबल ही मधली, तिसरी पायरी. आपण सगळे परीक्षेच्या गुणांवर वाढलेले; पाचातले तीन म्हणजे आपल्या मनात ‘ठीक आहे’. पण हिमस्खलनातले सर्वाधिक मृत्यू याच पायरीवर होतात, कारण चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घरी बसतात आणि तिसरीला बाहेर पडतात. त्या काळच्या व्याख्येप्रमाणे कन्सिडरेबलचा अर्थ होता : माणसाच्या वजनानं उतार सुटण्याची शक्यता बरीच, आणि कोणीही पाय न ठेवता आपोआप सुटण्याची शक्यताही आहे. मॉडरेटमध्ये आपोआप सुटण्याची शक्यता कमी.

पथकाची वाट दरीच्या तळाची होती. तिथल्या जमिनीला पत्रकानं दिलेला शब्द होता मॉडरेट, आणि त्या जमिनीपुरता तो खोटा नव्हता. पण दरीच्या तळातला माणूस नुसत्या तळात नसतो. वरचा अख्खा उतार ज्या जागी येऊन थांबतो, त्या जागी तो चालत असतो. त्याला लागू होणारा शब्द पायाखालचा नाही, डोक्यावरच्या उताराचा. पत्रक हे सांगत नव्हतं. ते सगळ्या परिसराचं मिळून होतं. या वाटेवर कोणता कडा कुठं उतरतो, हे त्यात लिहिण्याची पद्धतच नव्हती.

दरी मात्र सांगत होती. हिमस्खलनाच्या वाटा झाडांवर लिहिलेल्या असतात. दाट स्प्रूस आणि फरच्या रानात मध्येच वरपासून खालपर्यंत उघडा पट्टा दिसतो. त्यात मोठं झाड एकही नाही, नुसती लवचीक आल्डरची झुडपं, बर्फाच्या दाबानं उताराच्या दिशेनं झोपलेली. पट्ट्याच्या कडेच्या झाडांना चढाच्या बाजूच्या फांद्या नसतात. कॉनॉटच्या दरीत असे पट्टे एकामागून एक वाट ओलांडतात. उन्हाळ्यात तिथून जाणाऱ्याला ती फुलांची मोकळी कुरणं वाटतात. हिवाळ्यात त्याच जागा स्कीला सोप्या जातात, कारण झाडं आडवी येत नाहीत.

साडेअकराच्या सुमारास : पाव तास आधी

सतरा जण एकमेकांत अंतर राखून चालले होते. धोक्याच्या पट्ट्यातून जाताना हे करतातच, म्हणजे लोंढा आलाच तर सगळे एकदम सापडू नयेत. लहान लोंढ्यासाठी हा उपाय चांगला आहे. पट्टाच शेकडो मीटर रुंदीचा असेल, तर सतरा माणसांची लांबलेली रांगही त्यात मावते.

त्याच दरीत त्या सकाळी दोन व्यावसायिक गाईड आपल्या सुट्टीच्या दिवशी स्कीवर होते. ते मुलांच्या पुढं, थोडे वर गेले होते. पुढच्या तासाभरात जे कोणी वाचलं, त्यात या दोघांचा वाटा फार मोठा आहे.

११.४५

कीऑप्सच्या उत्तरेकडच्या अंगावर, मुलांच्या खूप वर, पाट सुटला. तिथं कोणी नव्हतं. कोणाची स्की त्या उतारावर चढली नव्हती, कोणी चुकीची वळणं घेतली नव्हती.

वर असलेल्या दोन गाईडना तो दिसला आणि ते ओरडले. खालच्यांच्या हाती काही सेकंद होते. पायात स्की बांधलेली, पाठीवर पिशव्या, भोवती खोल बर्फ. अशा अवस्थेत माणूस फार तर दोन-चार पावलं सरकू शकतो. लोंढा दरीच्या तळाशी येऊन पसरला आणि सतराच्या सतरा जणांना त्यानं गाठलं.

हिमस्खलनाचं आकारमान एक ते पाच असं मोजतात. तीन म्हणजे मोटार गाडली जाईल, लहान घर मोडेल. चार म्हणजे रेल्वेचा डबा किंवा काही हेक्टर जंगल उद्ध्वस्त होईल. हे साडेतीनचं होतं.

११.४६ ते १२.०० : पहिली पंधरा मिनिटं

वाहता असताना हलका वाटणारा बर्फ थांबताक्षणी घट्ट होतो. गाडलेल्या माणसाला बहुधा बोटही हलवता येत नाही. श्वास नाकातोंडासमोरच्या पोकळीवर चालतो. बाहेर टाकलेल्या उच्छ्वासाची तिथंच साय धरते आणि ती पोकळी आतून बंद होत जाते.

युरोपातल्या शेकडो घटनांच्या अभ्यासातून १९९४ मध्ये काढलेला आलेख सांगतो की पूर्ण गाडलेल्यांपैकी पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले सुमारे ९२ टक्के वाचतात. पुढं कॅनडातल्या घटना तपासल्या तेव्हा दिसलं की तिथला आलेख आणखी लवकर कोसळतो. बर्फ जास्त घट्ट आणि वाटेत झाडांवर आपटून होणाऱ्या जखमा जास्त. तिथं हाताशी जेमतेम दहा मिनिटं असतात. बाहेरून कोणतीही मदत एवढ्यात पोचत नाही. ज्याच्याबरोबर निघालो, तोच वाचवू शकतो. आणि सगळेच एकदम सापडले असले, तर वाचवायला कोणी उरत नाही.

इथं दोघे उरले होते. ते खाली पोचले आणि बीकन शोधाच्या खटक्यावर टाकून कामाला लागले. बीकन छातीशी बांधलेला असतो आणि सतत ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडत असतो. शोधणारा आपला बीकन ऐकण्यावर टाकतो आणि आकडा उतरत जाईल तसा बर्फाच्या ढेकळांतून सरकत जातो. आकडा सर्वांत कमी होतो तिथं प्रोब खुपसायची. टोकाला मऊ लागलं की उताराच्या खालच्या बाजूनं खणायला घ्यायचं. मीटरभर खोल गेलेल्या माणसापर्यंत पोचायला टनभर किंवा त्याहून अधिक बर्फ उपसावा लागतो. इथं एका वेळी अनेक बीकन जवळजवळ वाजत होते. कोणता आवाज आधी गाठायचा, हाही निर्णय त्या दोघांनाच घ्यायचा होता. अर्धवट गाडलेले एकेक मोकळे झाले आणि बर्फ झटकून तेही खणायला लागले. आपल्या वर्गातल्या मुलांना शोधणारी पंधरा वर्षांची मुलं त्यात होती. सराव कामी आला, असं म्हणताना मला अवघड वाटतं. पण तो आला नसता, तर दहा जण वाचले नसते.

१२.२० : पस्तिसावं मिनिट

त्याच आलेखात पस्तिसाव्या मिनिटाला वाचणाऱ्यांचं प्रमाण तीस टक्क्यांवर उतरलेलं असतं. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून जवळजवळ दोन तास झाले होते.

मदतीचा निरोप गेला, उद्यानाचे वॉर्डन आणि हेलिकॉप्टर आले. रॉजर्स पासला हिमस्खलनाच्या कामात मुरलेली माणसं कायम असतात, म्हणून मदत इतर बहुतेक डोंगरांपेक्षा लवकर मिळाली. तरीही सातही मुलांच्या बाबतीत उशीर झालेला होता.

त्यानंतर

२००२-०३ च्या त्या हिवाळ्यात कॅनडात हिमस्खलनांनी २९ जणांचा जीव घेतला. नेहमीच्या हंगामाच्या हा साधारण दुप्पट आकडा. मुलं गमावलेल्या काही पालकांनी प्रश्न लावून धरले. त्यांचा मुख्य प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो : प्रौढ माणूस आपल्या जिवाची जोखीम स्वतः घेतो; पंधरा वर्षांच्या मुलाची जोखीम कोणी, किती आणि कोणाला सांगून घ्यायची? संमतिपत्रावर सही करणाऱ्या आईबापांना ‘कन्सिडरेबल’ म्हणजे काय, हे ठाऊक असणं शक्य नव्हतं.

आपल्याकडच्या ट्रेकच्या अर्जांवरही खाली बारीक अक्षरांत जोखमीचं कलम असतं. जानेवारीत मुलाला बर्फात पाठवणाऱ्या पालकानं आयोजकाला मुक्कामाच्या तंबूवर आणि वाटेवर कोणता उतार आहे, हे विचारलं पाहिजे, आणि उत्तर नकाशावर बोट ठेवून मागितलं पाहिजे. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक हिमस्खलनात सापडले. मृतांत त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू चढलेली सविता कंसवाल होती. तिथं तर शिकवणारेच देशातले जाणते होते. बर्फ अनुभवाची दखल घेत नाही.

कॅनडात पुढं कामं झाली. राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क्स कॅनडानं स्वतंत्र समिती नेमून सगळी व्यवस्था तपासली. २००४ मध्ये रेव्हलस्टोकला कॅनेडियन अॅव्हलाँच सेंटर उभं राहिलं. आज ते अॅव्हलाँच कॅनडा म्हणून हिमस्खलनाची पत्रकं काढतं. आणि पार्क्स कॅनडातल्या ग्रँट स्टॅथम यांनी एक वेगळीच मोजपट्टी आणली. तिच्यात आज बर्फ कसा आहे, हे मोजत नाहीत. जमीन कशी आहे, हे मोजतात. उतार किती, वर काय आहे, वाट किती पट्टे ओलांडते आणि चुकवता येतात का, हे पाहून प्रत्येक वाटेला सुरुवातीला तीनपैकी एक दर्जा मिळत असे : सोपी, आव्हानात्मक, गुंतागुंतीची. बर्फ रोज बदलतो, हा दर्जा बदलत नाही.

आईवडील सोबत नसलेल्या अल्पवयीन मुलांच्या गटांसाठी त्या मोजपट्टीवरून नियम झाले. डोंगराळ राष्ट्रीय उद्यानांत अशा गटाला हिवाळ्यात आव्हानात्मक वाटेवर जायचं असेल, तर परवाना आणि प्रमाणित गाईड लागतो, आणि गटाच्या आकारालाही मर्यादा आहे. गुंतागुंतीच्या वाटेवर त्याला सोडतच नाहीत, मग त्या दिवशीचं पत्रक काहीही म्हणो.